पालकत्वाची वर्गणी



वर्गणी हा आम्हां कामगार संघटनेतील माणसांचा रोजचा विषय. पावतीपुस्तक खिशात घालून कारखान्याच्या दारावर उभे राहण्यातच आमचे अर्धे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगता येते. वर्गणी देणारा हा मताचा धनी असतो. जो पैसे देतो तो हिशेब मागतो आणि निवडणुकीत हात वर करतो. यात गैर काहीच नाही. पण आज आम्हांला ज्या वर्गणीचा इतिहास सांगावयाचा आहे ती निराळी आहे. सातासमुद्रापलीकडच्या कोणी गृहस्थाने वर्षाला ठरावीक रक्कम धाडावयाची, मध्ये एखाद्या ख्रिस्ती संस्थेने ती स्वीकारावयाची, आणि तिच्यावर इकडचे एक पोरके मूल वाढावयाचे, अशी ही वर्गणी. येथे देणाऱ्याला मत आहे, घेणाऱ्या संस्थेलाही मत आहे. ज्याच्या नावाने पावती फाडली त्या मुलाला मात्र मत नाही. हे मत त्याला कधी आणि कसे मिळाले, हाच आजच्या विषयाचा गाभा होय.

सुरुवात आपल्या घराजवळूनच करू. कांदिवलीहून उत्तरेस निघाले की बोरिवली आणि दहिसर यांच्या मध्ये मंडपेश्वराची लेणी लागतात. आत नटराजाचे शिल्प आहे आणि वर टेकडीवर एका जुन्या ख्रिस्ती वास्तूच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, तेव्हा आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले. पुढे वर मठ आणि विद्यालय उभे राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांना तेथे शिकवीत.

त्याच काळात, १५५९ साली, पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्याच्या मुलखासाठी एक हुकूम निघाला. ज्या हिंदू मुलांना आईबाप नाहीत, आजाआजी नाहीत, सांभाळणारे वडीलधारे कोणी नाही, अशी मुले गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात जेझुइट पाद्र्यांच्या स्वाधीन करावीत, त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि तेथेच वाढवावे. प्रत्यक्षात पुष्कळदा बाप वारला एवढेच पुरे ठरे. मग आई जिवंत असली तरी मूल जाई. मुलांना लपवून सीमेपलीकडे नेण्याचे प्रकार घडू लागले ते यामुळेच.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि साष्टीतील ही राजवट संपली. पण पोरक्या पोराला पाद्री नेतो, ही धास्ती लोकांच्या मनातून गेली नाही. पुढच्या शतकातील वादांत जो कडवटपणा दिसतो त्याचे एक मूळ या आठवणीत आहे. तेव्हा अनाथ मूल राजाच्या हुकुमाने नेले जाई. यानंतरचा काळ हा हुकुमाचा नसून दानाचा होय.

एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजाने याबाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरास १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आश्रयाने बालकाश्रम उभा राहिला. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. कामे खरी होती, पण हात थोडे होते आणि थैली लहान होती.

मोठी थैली प्रथम आणली ती पंडिता रमाबाईंनी. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच राहून त्यांनी हिंदू विधवांची स्थिती गावोगाव सांगितली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिची पद्धत आम्हां संघटनावाल्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. ठिकठिकाणी मंडळे काढावयाची, आणि प्रत्येक मंडळाने दहा वर्षेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम पाठवावयाची. या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास गेले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, पण धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील असा करार होता. तो पाळला गेला की नाही, यावर १८९३ साली वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. मुलींना काय वाटते, हे विचारल्याचे फारसे कोठे दिसत नाही.

यानंतर दुष्काळ आले. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात अन्नान्न दशा झाली, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना केडगावास घेऊन आल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून भयंकर होता. गुजरातेत त्याला आजही छप्पनियो म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता पटकीने मरत आणि पोरे रस्त्यावर राहत. रमाबाईंच्या मुक्तिसदनात तेव्हा दीडहजारांवर जीव होते. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना या साऱ्यांत मुली काम शिकत. रमाबाईंचा हा विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो, कारण मुलीच्या हातात कसब आले की तिचे उपकाराचे ओझे निम्मे हलके होते.

याच दुष्काळात ती वर्गणी आजच्या रूपाला आली. न्यूयॉर्क येथे 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाचे साप्ताहिक होते आणि लुई क्लॉप्श हे त्याचे चालक होते. त्यांनी वाचकांकडून निधी जमविला. 'क्विटो' नावाच्या आगबोटीत दोन लाख बुशेल मका भरून ती १९०० साली मुंबईस धाडली. अन्न वाटून झाल्यावर पोरक्या मुलांचा प्रश्न उरला. तेव्हा वाचकांपुढे साधा हिशेब ठेवला गेला, की पंधरा डॉलर दिले म्हणजे एक दुष्काळी अनाथ वर्षभर पोसला जाईल. त्या वेळी पंधरा रुपयांस एक पौंड हा दर होता. त्या हिशेबाने पंधरा डॉलर म्हणजे सुमारे शेहेचाळीस रुपये, महिन्याला चारांपेक्षा थोडे कमी. एवढ्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि शाळा! अहमदनगर, राहुरी, शिरूर, सोलापूर या भागांत अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांना या दुष्काळकार्याबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. आमच्या शेजारी मंडपेश्वराच्या त्याच टेकडीवर १९०१ साली पाउलुस मोरित्झ या जर्मन बंधूंनी धर्मबंधूंचा नवा संघ स्थापिला आणि अनाथ मुलांचा सांभाळ हे त्या संघाचे काम होते. मात्र हे रोमन कॅथलिक आणि ते अमेरिकन प्रॉटेस्टंट. दोघांची घरे वेगळी, हे विसरू नये.

या पद्धतीचे बळ कशात होते? देणाऱ्याला एक चेहरा मिळे. 'दुष्काळनिधी' म्हटले की माणूस एकदा देतो. अमक्या नावाची सात वर्षांची मुलगी म्हटले की तो दरवर्षी देतो. पण जेथे बळ तेथेच दोष. त्या मुलीकडून पत्राची अपेक्षा राही, आभाराची राही आणि प्रगतीच्या वार्तेचीही राही. ती पळून गेली, वारली किंवा तिने धर्म स्वीकारला नाही, तर काय कळवावयाचे हा पेच पडे. शेजारच्या खाटेवरच्या ज्या मुलाला दाता मिळाला नाही त्याचे पोट कोणी भरावयाचे, हाही प्रश्न होताच. कामगाराच्या भाषेत सांगावयाचे तर येथे मजुरी माणसागणिक ठरत होती, आणि तिची किंमत कृतज्ञतेच्या नाण्यात वसूल होत होती.

दुसरीकडून ओढाताण सुरू झाली. लाला लजपतराय यांनी १८९७ आणि १८९९ साली हिंदू अनाथांच्या सोडवणुकीची चळवळ केली, शेकडो मुले पंजाबात नेली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी! म्हणजे मिशनच्या कामाने आमच्या समाजाला दुखावले आणि जागेही केले. टीका करणाऱ्यांपैकी ज्यांनी स्वतः अनाथाला घरात घेतले त्यांचीच टीका आम्ही वजनदार मानतो.

विसाव्या शतकात ही वर्गणी जगभर पसरली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली इंग्लंडात 'सेव्ह द चिल्ड्रन' निघाली, १९३८ साली अमेरिकेत चीनच्या मुलांसाठी निधी निघाला, आणि कोरियातील युद्धाच्या सुमारास 'वर्ल्ड व्हिजन' व 'कम्पॅशन' या ख्रिस्ती संस्था उभ्या राहिल्या. यांचे मोजमापही झाले आहे. १९९८ साली शिकागोच्या एका दैनिकाने तपास केला, तेव्हा काही मुले वारल्यानंतरही त्यांच्या नावाने पैसे येत असल्याचे उघड झाले. उलट २०१३ साली अर्थशास्त्रज्ञांनी भारत धरून सहा देशांतील सुमारे दहा हजार माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत असे आढळले, की 'कम्पॅशन'ने पोसलेली मुले इतरांपेक्षा वर्ष-दीड वर्ष जास्त शिकली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. हीच 'कम्पॅशन' २०१७ साली भारतातून गेली, कारण परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली सरकारने तिच्या पैशावर आधी परवानगीची अट घातली होती. सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार मुलांची मदत त्यामुळे थांबली. सरकार बरोबर की संस्था बरोबर, हा वाद करणारे करोत. आमचा मुद्दा एवढाच, की बोस्टन आणि पुणे यांच्या वादात १८९३ साली जे घडले तेच येथेही घडले. निर्णय मोठ्यांनी केला आणि शाळा मुलाची सुटली.

मग मुलाला मत कोठून येणार? आमचे उत्तर असे की ते कायद्याच्या हक्कातून येईल, आणि त्याची वाट कामगारांनी दाखविली आहे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कारखान्यात बाप मेला तर त्याच्या मुलांना पैसे मिळू लागले, ते मालकाच्या दयेने नव्हे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने अवलंबितांचा लाभ दिला. आकुर्ली रस्त्यावरचे आपले कामगार रुग्णालय त्याच योजनेचे आहे. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत तर 'अनाथ पेन्शन' हा शब्दच आला. २०२५ च्या नोव्हेंबरात सामाजिक सुरक्षा संहिता अमलात येऊन जुने कायदे तिच्यात सामावले, पण तत्त्व तेच राहिले. या पेन्शनसाठी मुलाला कोणास पत्र लिहावे लागत नाही. फोटो काढून पाठवावा लागत नाही आणि देवही बदलावा लागत नाही.

मात्र रकमेकडे पाहिले की मान खाली जाते. २०१४ साली अनाथ पेन्शनची किमान मर्यादा महिना साडेसातशे रुपये ठरली. शिवाय हा हक्क हजेरीपटावर नाव असलेल्याच्या मुलाला. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, घरकाम करणारी बाई, फेरीवाला यांच्या मुलांचे काय? २०२१ साली करोनाच्या साथीत चारकोप आणि आकुर्लीच्या वस्त्यांतून आम्ही अर्ज घेऊन हिंडलो. केंद्राने त्या वर्षी दोन्ही पालक गमावलेल्यांसाठी दहा लाखांची योजना जाहीर केली, राज्याने पाच लाखांची ठेव. चांगलेच झाले. पण त्याच चाळीत क्षयाने किंवा परातीवरून पडून बाप गेलेले मूल आम्हांला विचारी, 'काका, आमचा अर्ज?' त्याच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली महिना सव्वादोन हजार झाली. ती मिळवून देण्यासाठी कागदपत्रांची जी यातायात करावी लागते, तिच्यापेक्षा पंधरा डॉलरांचा तो जुना हिशेब सोपा होता, हे कबूल केलेच पाहिजे. चर्चची बाई दारात येते. सरकारी खिडकी दारात येत नाही.

म्हणून, भगिनींनो आणि बंधूंनो, परदेशी दात्याला नावे ठेवून आपले काम होत नाही. ज्याने न पाहिलेल्या पोरासाठी वर्षानुवर्षे आपल्या पगारातून पैसे काढून ठेवले, त्या दूरच्या शिवणकाम करणारीला किंवा शेतकऱ्याला आमचा नमस्कार असो. तुम्हांपैकी कोणी अशी वर्गणी देत असाल तर अवश्य द्या. फक्त ती एका चेहऱ्याच्या नावे न देता सगळ्या घराच्या नावे द्या, आभाराचे पत्र मागू नका, आणि हिशेब मात्र जरूर मागा. जोडीला आपल्या गल्लीतील एका पोरक्या मुलाचा बालसंगोपनाचा अर्ज भरून द्या आणि मंजूर होईपर्यंत त्याच्या मागे लागा. पहिल्या वर्गणीने मुलाचे पोट भरेल. दुसऱ्या कामाने ते कोणाच्याही उपकाराखाली न दबता, ताठ मानेने वाढेल.