सर्पगंधा आणि बेवड : अदलाबदल चाचणी-पद्धतीच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास 'बेवड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खरिपात मूग घेतलेल्या रानात रब्बीची ज्वारी जोमाने आली, तर तिचे सारे श्रेय तो बियाण्यास देत नाही. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला आणि पुढच्या पिकात उतरणारा परिणाम म्हणजे बेवड. वैद्यकीय संशोधनात एकाच रुग्णास आळीपाळीने दोन औषधे देऊन त्यांची तुलना करण्याची एक पद्धत आहे. तिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला 'अदलाबदल चाचणी' म्हटले आहे. या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा या दोहोंचा उलगडा बेवड या एका शब्दाने होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी मुंबईतील एका सुप्रसिद्ध औषधी-चाचणीकडे या दृष्टीने पुन्हा पाहावयाचे आहे.

गोठ्यातून दवाखान्याकडे

या पद्धतीची जडणघडण मुख्यत्वे शेती व पशुपालनाच्या संशोधनात झाली. गायींच्या आहाराची तुलना करताना एक अडचण येते. वेतानंतर काही काळाने दूध उतरू लागते. त्यामुळे जो आहार नंतर दिला जाईल तो विनाकारण निकृष्ट ठरतो. यावर उपाय म्हणजे निम्म्या गायींना 'अ' नंतर 'ब' आणि उरलेल्यांना 'ब' नंतर 'अ' आहार देणे. १९४१ मध्ये कॉक्रन, ऑट्री व कॅनन यांनी दुभत्या गायींसाठी जो आराखडा मांडला, त्यात आधीच्या आहाराचा शिल्लक परिणाम वेगळा मोजण्याचीही सोय होती. अर्थात, बेवडाचा हिशेब पहिल्यापासूनच या शास्त्राच्या वहीत होता. आपल्याकडे डॉ. पानसे व डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने कृषी-प्रयोगांची सांख्यिकी अभ्यासकांच्या हाती दिली. बियाण्यांच्या चाचणी-क्षेत्रांमुळे प्रयोगाचे वाफे आणि त्यांची पुनरावृत्ती जालन्यास चांगलीच परिचयाची आहे.

माणसांवरील आरंभीचे ठळक उदाहरण जेलिनेक यांचे, १९४६ सालचे. डोकेदुखीवरील एका गोळीतील एक घटक युद्धकाळात दुर्मीळ झाला होता. तो वगळला तर चालेल काय, हा प्रश्न होता. १९९ व्यक्तींना चार प्रकारच्या गोळ्या प्रत्येकी दोन आठवडे, निरनिराळ्या क्रमाने देण्यात आल्या. त्यांपैकी एक गोळी औषधविरहित होती. या औषधविरहित गोळीने ज्यांना कधीच आराम पडला नाही अशा ७९ व्यक्तींचे निष्कर्ष वेगळे काढताच घटकांमधील फरक स्पष्ट दिसू लागला. एकाच व्यक्तीस सर्व गोळ्या दिल्याविना हे वर्गीकरण शक्यच नव्हते. डोकेदुखी येते आणि जाते, गोळीचा असर काही तासांत ओसरतो. म्हणून येथे बेवडाची बाधा फारशी नव्हती.

डॉ. वकील यांची चाचणी

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरील निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या वनस्पतीविषयी लिहिले होते, आणि १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात तिच्या रक्तदाबशामक गुणाचा अभ्यास केला होता. तथापि पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले गेले ते वकिलांच्या निबंधामुळे. बोस्टनमध्ये विल्किन्स यांनी त्यानंतर हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये रेसर्पिन हे त्यातील द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

हा गौरवाचा भाग सर्वत्र सांगितला जातो. निबंधाच्या रचनेकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. पन्नास रुग्णांच्या या पाहणीत प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या रक्तदाबाशी होती. औषध थांबविल्यानंतरही वकिलांनी रुग्णांचे निरीक्षण चालू ठेवले आणि उतरलेला दाब पुष्कळांमध्ये काही आठवडे तसाच राहिल्याचे नोंदविले. आजच्या निकषांवर ही चाचणी अपुरीच ठरेल. परंतु औषध थांबविल्यावर काय होते हे पाहण्याची शिस्त तीत होती, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे खरे मोल तेथेच आहे.

याचे कारण पुढील संशोधनाने उलगडले. रेसर्पिन हे मज्जातंतूंच्या टोकांशी असलेले नॉरअॅड्रिनलिन, सेरोटोनिन इत्यादींचे साठे रिते करते. औषध रक्तातून गेले तरी हे साठे भरून येण्यास काळ लागतो. समजा, एखाद्याने याच रुग्णांना पहिला महिना सर्पगंधा आणि लगोलग दुसरा महिना औषधविरहित गोळी दिली असती, तर दुसऱ्या महिन्यातही दाब उतरलेलाच दिसला असता आणि सर्पगंधा निरुपयोगी ठरविली गेली असती! याउलट, महिनाभराच्या चाचणीत न दिसणारा धोकाही होता. मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांमध्ये खिन्नता येते, याकडे फ्रीस यांनी १९५४ मध्ये लक्ष वेधले. अल्प मुदतीच्या अदलाबदलीत अशा संथ परिणामाचा ठाव लागणे कठीण, आणि लागला तरी तो कोणत्या औषधाच्या खात्यावर लिहावा हा प्रश्न उरतोच.

बेवड गणिताने निघतो काय?

ग्रिझल यांनी १९६५ मध्ये यावर द्विस्तरीय मार्ग सुचविला : आधी शिल्लक परिणाम आहे काय ते तपासावे, तो आढळल्यास केवळ पहिल्या कालखंडाची आकडेवारी घ्यावी. अनेक वर्षे हा मार्ग रूढ होता. १९८९ मध्ये फ्रीमन यांनी दाखवून दिले की ही पूर्वतपासणी दुबळी असून तिच्यामुळे अंतिम निष्कर्षच चुकण्याचा संभव वाढतो. तेव्हा दोन औषधांच्या मध्ये पुरेसा विराम-काळ ठेवणे, आणि रोग बराच करणाऱ्या उपचारांसाठी ही पद्धत मुळात न वापरणे, हाच मार्ग उरतो. (अध्यापन-पद्धतींवरील प्रयोगांतही हा आराखडा वापरण्याचा मोह होतो, पण एका पद्धतीने समजलेले प्रमेय दुसऱ्या पद्धतीची पाळी येईपर्यंत विद्यार्थ्यास विसरायला कसे लावणार?)

आज ही पद्धत सर्वाधिक चालते ती जेनेरिक औषधांच्या जैव-समतुल्यता चाचण्यांमध्ये. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही निरोगी स्वयंसेवकांवरील अदलाबदल आराखडा आहे. दोन मात्रांमधील अंतर औषधाच्या अर्धायुष्याच्या किमान पाचपट असावे, हा त्यातील सर्वसाधारण दंडक. येथे मोजले जाते ते रक्तातील औषधाचे प्रमाण. म्हणून हा दंडक पुरतो. परिणाम मोजावयाचा असेल तेव्हा तो पुरेलच असे नाही, हे रेसर्पिनने दाखविले आहे. वनौषधींमध्ये तर अनेक द्रव्ये एकत्र असतात. कोणाचे अर्धायुष्य धरावे हेच ठरत नाही. त्यामुळे अशा औषधांवरील अदलाबदल चाचणीचा आराखडा मार्गदर्शकासमोर आल्यास, औषध थांबविल्यावर परिणाम किती दिवस टिकतो याची स्वतंत्र पाहणी झाली आहे काय, हे नमुन्याच्या आकारापूर्वी विचारले गेले पाहिजे.