गाळ, कस आणि नाथसागर

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बोलीत ‘गाळ’ या शब्दाचे मोल स्थानपरत्वे पालटते. शेतात पसरलेला गाळ म्हणजे कस; विहिरीत वा तळ्यात साठलेला गाळ म्हणजे उपसून टाकावयाची अडचण. या प्रदेशातील जमिनीच्या धुपेचा इतिहास हा वस्तुतः या स्थानांतराचाच इतिहास होय. परंतु त्या इतिहासात मातीचे कण अडविण्याचा विचार जितका झाला, तितका पाण्यात विरघळून जाणाऱ्या कसाचा झाला नाही.

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळ्या जमिनीतील चिकणमाती भिजली की फुगते, भेगा मिटतात व पाणी मुरेनासे होते. मग ते उतारावरून माती घेऊन वाहू लागते. भारी जमिनीत रब्बीच्या ज्वारीसाठी पावसाळाभर रान मोकळे ठेवण्याची जुनी चाल होती. तीमुळे ओल साठे. परंतु ऐन पावसात जमीन उघडी राही.

मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा १९४२ साली झाला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. तो १९५६ साली मुंबई राज्यात आला. पुढे १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीची कामे हा हजारो हातांचा आधार ठरला. तथापि भारी काळ्या जमिनीत बांधाशी पाणी तुंबे आणि बांध फुटत. एकेका शेताचा बांध पुरेसा नाही, हे ध्यानात आल्यावर १९८३ साली राज्याने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. याच दशकात जिल्ह्यातील आडगाव येथे विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करण्याचा प्रयोग झाला. ‘लोट’ म्हणजे वेगाने येणारा प्रवाह. शासकीय परिभाषेत ‘पाणलोट’ हे तो प्रवाह जेथून येतो त्या भूभागाचे नाव झाले. शब्दाच्या या प्रवासात विचाराचाही प्रवास दिसतो.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्‌घाटन केले. नाशिक व नगरकडील शेतांची माती गोदावरीतून या नाथसागरात येते, आणि त्याचेच पाणी औरंगाबाद शहर पिते. जलाशयांतील गाळ पुन्हा शेतात नेण्याची राज्य योजना २०१७ साली सुरू झाली. स्फुरद मुख्यत्वे चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. म्हणून गाळाबरोबर त्याचाही काही अंश परत येतो. नत्राचे तसे नाही. नायट्रेट पाण्यात विरघळते. त्याला बांध अडवू शकत नाही. उलट, बांधाने जिरविलेले पाणीच पिकाने न घेतलेले नायट्रेट विहिरीकडे नेऊ शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ठरविली आहे.

हा दोष केवळ शेतीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खाम नदी शहराचे सांडपाणीही गोदावरीकडे नेते. तथापि मृदसंधारणाचे यश केवळ बांधांच्या लांबीने मोजणे पुरेसे नाही, हेही खरे. माती बांधाने राखता येते. नत्र राखावयाचे तर मातीपरीक्षण करून, पिकाच्या गरजेप्रमाणे खताच्या मात्रा विभागून देणे हाच उपाय होय. शेतातून निसटलेला कस शेतकऱ्याच्या पदरचा खर्च असतो. तोच पुढे पाणी पिणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न होतो.