नंदीच्या अंगावरचे थर

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा विदर्भभर नावाजलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोरं चाकांवर बसवलेले लाकडी नंदी ओढत निघतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. सिंदीत त्यांच्या जोडीला मोठ्या माणसांनी ओढायचे थोराड नंदीही मिरवतात, आणि त्यांतले काही पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात आहेत. या प्रथेचा उगम सांगताना नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे नाव आणि १८०६ हे साल पुढे केले जाते. त्यानंतरची हकीकत मात्र बहुधा लाकडाची असते: साग कुठला, सुतार कोण, वशिंड कसे उठवले. माझ्या मते नंदी वडिलोपार्जित होण्यात लाकडापेक्षा रंगाचा हात मोठा आहे. एका जातीच्या रंगावर दुसऱ्या जातीचा टिकाऊ रंग चढवता येऊ लागला आणि प्रथेचे रूप पालटले.

नंदी ही सजवलेल्या बैलाची लहान प्रतिकृती, आणि खऱ्या बैलाचा साज मुळातच चार दिवसांचा. अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल. पोळा सरला, पावसाचे दोन सडाके बसले की रंग गेला. पाण्यात कालवलेल्या रंगांचा लाकडी नंदीही याच नियमाने चालणार. अस्तर सरसात कालवलेल्या खडूच्या पुडीचे, वर डिंकात खललेले गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी. सावंतवाडीच्या गंजिफांची रीत याच घराण्यातली: चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे अस्तर, ते घासून गुळगुळीत करायचे, त्यावर चित्र आणि शेवटी लाखेचा हात. तिथे लाखेने चित्र वाचते. वरून असे कवच नसेल तर भाद्रपदाच्या ओल्या हवेत डिंकाचा रंग हाताला लागतो आणि सरीत ओघळतो. असा नंदी दरवर्षी धुऊन नव्याने रंगवावा लागतो, म्हणून त्याच्यावर थर साचत नाहीत. गेल्या वर्षीचा रंग पुसल्याशिवाय यंदाचा बसत नाही.

थर साचू लागले ते तेलरंग आल्यावर, असे माझे म्हणणे. यावर पहिला आक्षेप जवसाचा. वर्धेच्या काळ्या जमिनीत जवस हे जुने रब्बी पीक. तेलरंगाचा प्राण असलेले तेल घाण्यावर निघत होते, तर रंग विलायतेहून यायची वाट कशाला पाहायची? पण कच्चे जवसतेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. पावसाळी हवेत त्याहून जास्त. ते लवकर वाळावे म्हणून मुर्दाडशिंगासारखी शिशाची द्रव्ये घालून कढवावे लागते. हा वेगळाच धंदा आहे, गावच्या सुताराच्या आवाक्यातला नव्हे. त्यामुळे तेल खाण्यात आणि दिव्यात गेले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचल्यावर जवसाला मुंबईची आणि तिथून युरोपातल्या रंग-वार्निशच्या कारखान्यांची वाट सोपी झाली. बी इथून गेले आणि तयार रंग डबाबंद होऊन परत आला, हा त्या काळच्या व्यापाराचा नेहमीचाच प्रकार. १९३४ साली वर्ध्यात सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत घाणी सुधारण्याचे मोठे काम केले, पण त्याचा रोख खाण्याच्या तेलावर होता.

देशात रंगाचे कारखाने निघाले तसा डबा जवळ आला. हावड्याचा शालिमार १९०२ चा, मुंबईत पुढे नेरोलॅक म्हणून ओळखला गेलेला कारखाना १९२० चा, एशियन पेंट्स १९४२ चा. या शेवटच्या कंपनीबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात: महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पोळ्याला शिंगे रंगवण्यापुरताच रंग हवा असतो हे हेरून तिने लहान डब्या काढल्या आणि खेड्यातले दुकान जिंकले. गोष्टीला कंपनीच्या अभिमानाची थोडी फोडणी असेलही, पण तिच्यातला व्यवहार पटतो. शिंगापुरती डबी घरात आली, की उरलेला रंग पोराच्या नंदीला लागणार हे ओघानेच आले. खऱ्या बैलाच्या शिंगामागून ऑइलपेंट त्याच्या प्रतिकृतीवर आला असावा, असे मी यावरून अनुमान करतो.

ऑइलपेंटबरोबर क्रमाचे शास्त्र आले. भेगांत लांबी भरायची, काचपेपर मारायचा, अस्तराचा हात द्यायचा, तो पुरता वाळल्यावर अंगाचा पांढरा, मग झुलीचा लाल, शेवटी बारीक कुंचल्याने डोळे, घुंगरमाळा, गोंडे आणि सगळ्यांवर वार्निश. पाण्याच्या रंगावर तेलाचा चालतो. उलट केले तर चकचकीत तेलकट थरावर पाण्याचा रंग धरत नाही, पोपडे सुटतात. मोटारीच्या फवाऱ्याचा, ज्याला सगळे ड्युको म्हणतात तो रंग, साध्या ऑइलपेंटवर मारला तर त्यातला कडक थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. प्लॅस्टिकची छोटी विमाने जोडणारे जगभरचे हौशी लोक हाच नियम पाळतात. फरक आकाराचा: वीतभर नंदीवर चार जाड हात बसले की पापणी आणि नाकपुडी बुजतात, पुरुषभर उंचीचा नंदी तेच थर सहज पचवतो. सिंदीचे मोठे नंदी वर्षानुवर्षे रंगाचे हात घेऊनही रेखीव राहू शकतात, याचे एक कारण हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साग शंभर वर्षे टिकतो, वाड्यात जपलेले नंदी ऑइलपेंटच्या आधीही होतेच. मग श्रेय रंगाला का? वाड्यात नंदी ठेवायला जागा आणि राबायला माणसे होती, म्हणून तो उदाहरण म्हणून पुढे करणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. साध्या घरात नंदी पडवीत किंवा माळ्यावर राहणार, दमट हवा खाणार, कीड आणि बुरशी झेलणार. उघडे लाकूड पाणी पिऊन फुगते, वाळून तडकते. जोड सुटतात तिथेच पाय आणि शिंग निखळते. तेलरंगाचे कवच हे चक्र मंदावते. शिवाय रंग टिकला की दरवर्षी सगळे धुवायची गरज उरत नाही, फक्त खरचटले तिथे हात मारायचा, आणि आजोबांनी दिलेला थर नातवाच्या थराखाली शाबूत राहतो.

म्हणून जुना नंदी नव्याने रंगवायचा म्हणून तो खरवडून लाकडापर्यंत नेण्याची सध्याची हौस मला खटकते. त्यात इतिहास जातो हे आहेच, पण धोकाही आहे. शेंदूर हे शिशाचेच भस्म, जुन्या पिवळ्या रंगात शिशाचे क्रोमेट असे. घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावे हा नियम भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही थराची भुकटी पोरांच्या अंगणात उडवण्यासारखी नाही. निघालेले पोपडे तेवढे ओल्या फडक्याने टिपावेत, चकाकी मोडण्यापुरता पाणी लावून बारीक काचपेपर फिरवावा आणि वर अस्तर देऊन आजचा अॅक्रिलिक चढवावा. इतके केले तर पाण्याचा रंगही जुन्या तेलरंगावर धरतो.