विरोध कुणाचा?

'लोकांचा विरोध' हा शब्द आपण फार लाडानं वापरतो. पण लोक म्हणजे कोण? 28 जून 2007 ला अमेरिकेत, कागदपत्रं नसलेल्या परदेशी मजुरांना नागरिकत्वाची वाट देणारं बिल सिनेटात अडकलं. 60 मतं हवी होती, पडली 46. विरोधात साध्या माणसांचे इतके फोन आले, की सिनेटची लाइनच ठप्प. हे वाचलं आणि मला आपला मराठवाडा आठवला.

27 जुलै 1978. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि आग लागली. शहरात विद्यार्थी, प्राध्यापक, व्यापारी रस्त्यावर. खेड्यात आपली घरं पेटलेली. आमचा बीड धरून तेव्हाचे पाचही जिल्हे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा खून केला. राग जुनाच होता: ह्यांनी गावकी सोडली, मेलेली ढोरं ओढायची थांबवली, गायरान कसायला घेतलं, पोरं मिलिंद कॉलेजात धाडली. सरकारनं 'जनभावना' म्हणत ठराव बासनात बांधला. लोकांत आपण मोजलेच गेलो नाही. 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं, तेही 'मराठवाडा' शब्द शेपटीला ठेवून.