फुटलेला आवाज आणि आमचे गायनशिक्षक

गेल्या पावसाळ्यांत कांहीं कामानिमित्त कर्जत येथें आमचा चार दिवस मुक्काम पडला. ज्या घरीं उतरलों होतों त्याच्या माडीवर रोज संध्याकाळीं एक गायनवर्ग भरत असे. पंचवीस-तीस मुलेंमुली जमत, गुरुजी पेटीवर काळी चारचा षड्ज धरीत, आणि सारा वर्ग एकदम अलंकार म्हणूं लागे. त्यांत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा होता. तार षड्जाजवळ येतांच त्याचा आवाज चिरके, मानेच्या शिरा तट्ट फुगत, आणि गुरुजी म्हणत, "जोर लाव, रियाज वाढव, म्हणजे आपोआप सुटेल." गुरुजी मोठे तळमळीचे, त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्यास तिळमात्र जागा नव्हती. निघण्याच्या दिवशीं त्या मुलाची आई आम्हांस भीतभीत म्हणाली, "सर, तुम्ही एवढे शिकलेले; ह्याचा आवाज कायमचा गेला का हो?"

आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. गळ्याचे वैद्य नव्हे. त्या माउलीची आम्हीं कशीबशी समजूत घातली. परंतु तिच्या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर आमच्याच विषयांत आहे, हें परतीच्या गाडींत आमच्या ध्यानांत आलें.

तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. घराणें मूळ काश्मीरचें; स्वतः तो दप्तराचा प्रमुख, म्हणजे दिवसभर हिशेबांत बुडालेला गृहस्थ. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दांत आवळून गातो तो 'संदष्ट'. भीत भीत गातो तो 'भीत'. कावळ्यासारखा कर्कश तो 'काकी'. भोपळ्यासारखा गळा फुगवितो तो 'तुंबकी'. आणि गातांना ज्याच्या शिरा फुगतात तो 'झोंबक'. फुगलेली शीर ही मेहनतीची खूण नसून दोषाची खूण आहे, हें सुमारें आठशें वर्षांपूर्वीं याच महाराष्ट्रांत लिहून ठेविलें गेलें. आमच्या मैफलींत मात्र अजून त्याच शिरेला "वाहवा" मिळते!

याच ग्रंथांत 'शारीर' म्हणून एक कल्पना आहे. अभ्यासावांचूनहि राग व्यक्त करण्याचें जें सामर्थ्य आवाजांत देहाबरोबरच जन्मास येतें, तें शारीर. कल्पना मोठी सूक्ष्म. पण लोकांच्या तोंडीं तिचा अर्थ एवढाच उरला कीं, आवाज ही दैवाची देणगी आहे. दैवानें दिलें, दैवानें नेलें. मग शिकविणाराकडे दोष येतोच कोठून?

भास्करबुवा बखले यांचें चरित्र आपण ज्या रीतीनें सांगतों तिच्यांतहि हाच प्रकार आढळतो. बुवांचा जन्म १८६९ चा, बडोदें संस्थानांतील कठोर गांवचा. लहान वयांत ते किर्लोस्कर नाटक मंडळींत शिरले आणि 'रामराज्यवियोगां'तील कैकेयीच्या भूमिकेनें नांवारूपास आले. पुढें वय झालें, आवाज फुटला, आणि ज्या गळ्यावर प्रेक्षक लुब्ध होते तो गळा रंगभूमीच्या कामाचा राहिला नाहीं. बुवांनीं बडोद्यास फैजमहंमदखां, नंतर आग्रा घराण्याचे नत्थनखां आणि पुढें अल्लादियाखां यांच्याकडे शिक्षण घेतलें. १९११ त पुण्यास भारत गायन समाज काढला. १९२२ त ते वारले तेव्हां मास्तर कृष्णराव व बालगंधर्व यांसारखे शिष्य मागें होते. ही कथा आपण चिकाटीची म्हणून मुलांना सांगतों, आणि ती तशी आहेहि. पण तिची दुसरी बाजू कोणी सांगत नाहीं. नाटक मंडळ्यांतून आवाज फुटलेलीं मुलें आणखी किती निघालीं असतील! ज्यांना पुढें फैजमहंमदखां भेटले नाहींत, त्यांचीं नांवें कोणत्या चरित्रकोशांत आहेत? इतिहास वांचलेल्यांचा लिहिला जातो, आणि त्यावरून आपण असा नियम बसवितों कीं, रियाजानें सर्व कांहीं परत येतें.

खुद्द अल्लादियाखांसाहेबांचें उदाहरण याच्या उलट आहे. अमलेटा येथील संस्थानिकाच्या आग्रहाखातर अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला. तो पुढें सुधारला, पण पहिल्यासारखा कधींच झाला नाहीं. त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी जी गायकी त्यांनीं घडविली, तिच्यापुढें आज आपण मान तुकवितों. अर्थात् प्रत्येक बसलेल्या आवाजापाठीमागें अल्लादियाखां असतात असें नव्हे.

ही सारी मंडळी मुंबई-पुण्याकडे ज्या लोहमार्गानें ये-जा करीत, तो कर्जतवरूनच जातो. १८५६ त गाडी खोपोलीपर्यंत आली, १८६३ त बोरघाट खुला झाला. घाट चढण्यासाठीं कर्जत येथें गाडीला जादा इंजिनें जोडतात. गायनवर्गांतील तो "जोर लाव" ऐकून आम्हांस त्या इंजिनांची आठवण झाली. पण गळ्याला मागून लावावयास इंजिन नसतें.

गांवोगांव गायनवर्ग निघाले हें विष्णु दिगंबर पलुस्करांचें ऋण होय. त्यांनीं १९०१ त लाहोरास आणि १९०८ त मुंबईस गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि गाणें घरंदाज मुलामुलींच्या आवांक्यांत आणलें. मात्र वर्ग म्हटला कीं एक पेटी आणि एक पट्टी ठरलेली. जुन्या पद्धतींतहि शिष्य पुष्कळदां गुरूच्याच पट्टींत गाई, हें कबूल केलें पाहिजे. पण तेथें गुरूचा कान एकाच गळ्यावर असे.

आश्चर्य हें कीं, गळ्याच्या आंत डोकावण्याची युक्ति प्रथम गाजविली ती एका गायनशिक्षकानेंच. मानुएल गार्सिया या स्पॅनिश गुरूनें १८५४ त दांतांच्या वैद्याचा लहान आरसा आणि सूर्याचा उजेड यांच्या साह्यानें स्वतःचे स्वरतंतु हालतांना पाहिले, आणि पुढल्या वर्षीं तें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. आपल्याकडे विष्णु दिगंबरांचे शिष्य बा. र. देवधर यांनीं १९२५ त मुंबईस गायनशाळा काढली आणि पाश्चात्त्य स्वरशास्त्राचा अभ्यास करून आवाज कसा लावावा याचा पद्धतशीर विचार केला. तोच धागा अशोक रानडे यांनीं पुढें नेला. ज्ञान घरांत आहे. तें माडीवरच्या वर्गापर्यंत पोहोंचलें नाहीं एवढेंच.

पोहोंचावयास हवें तें फार नाहीं. वयांत येतांना मुलाचें स्वरयंत्र वाढतें, स्वरतंतु लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. मुलींचाहि उतरतो, पण दोन-तीन स्वरांनीं. हें काम कित्येक महिने चालतें. त्या काळांत मुलानें सहज निघेल तेवढ्याच टापूंत हलक्या गळ्यानें गावें आणि पट्टी गरजेप्रमाणें पुनःपुन्हां खालीं घ्यावी. मधल्या सप्तकांतील पांढरी सहाचा स्वर लावतांना स्वरतंतु दर सेकंदास ४४० वेळां एकमेकांवर आपटतात. त्यांवर जोर केला तर ते सुजतात, आणि महिनेच्या महिने तेंच चाललें तर त्यांवर गांठी येतात. ज्येष्ठमध व खडीसाखर चघळून घसा सुखावतो, परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेंत जातो, स्वरतंतूंना त्याचा स्पर्शहि होत नाहीं. वाफ मात्र तेथवर पोहोंचते. वारंवार खाकरणें वाईट. मौनाऐवजीं कुजबुजणेंहि उपयोगाचें नाहीं. घोगरेपणा तीन आठवड्यांनींहि हटला नाहीं, तर रियाज न वाढवितां कान-नाक-घशाचा डॉक्टर गांठावा. खालापूर-कर्जतकडील गांवांत अखंड हरिनाम सप्ताह होतात. तेथें लाउडस्पीकर असूनहि पोरें घसा फाडून ओरडतात आणि आठव्या दिवशीं वर्गाला येतात. त्या दिवशीं गुरुजींनीं त्यांना नुसतें ऐकावयास बसवावें.

आम्हीं हें सारें गुरुजींना पत्रानें कळविलें. उत्तर आलें नाहीं. आमचा आगाऊपणा त्यांना रुचला नसावा असें वाटलें.

माघांत महडास वरदविनायकाच्या उत्सवाला जाण्याचा योग आला. सभामंडपांत भजन चाललें होतें आणि तो मुलगा टाळ वाजवीत होता. वरच्या ओळी इतर मुलें उचलीत, तेव्हां तो गप्प राही. ओळ खालीं आली कीं सुरांत सूर मिळवी. भजन आटोपल्यावर "कसा आहेस?" म्हणून आम्हीं विचारलें. "गुरुजींनीं मला पांढरी एक दिली आहे," तो म्हणाला. तो भरदार, खर्जाचा आवाज त्याचाच आहे हें आम्हांस क्षणभर ओळखतांच आलें नाहीं.