मसणवटीचा हिशेब

गावाचा इतिहास लिहिणारे देवळापासून सुरुवात करतात आणि पाटलाच्या वाड्यापाशी थांबतात. आपण मसणवटीपासून सुरुवात करू. तिथं कुणाचं काय खर्ची पडलं आणि ते कुणाच्या वहीत लिहिलं गेलं, एवढंच बघायचं आहे.

वतनाच्या काळात गावाच्या मसणवटीला वही नव्हती. गरजच नव्हती, कारण खर्च महाराच्या अंगावर. गावात कुणी मेलं की महारानं सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावी पळायचं. रात्र असो, ओढ्याला पूर असो. लाकडं फोडायची, गोवऱ्या वाहायच्या. आणि मोबदला? प्रेतावरचं कापड. आपले म्हातारे बावन्न हक्कांची यादी सांगताना हे कापडही अभिमानानं सांगायचे. हक्क! मढ्याच्या अंगावरचं फडकं हा ज्याचा हक्क, त्याला मजुरी कोण देणार? मजुरीला हक्क म्हटलं की तिची पावती मागता येत नाही. वतनाची लबाडी इथं आहे. ज्यानं सरणाची लाकडं वाहिली त्याची मयत मात्र त्या जागेवर चालायची नाही. महार बहुतेक आपली मयतं पुरायचे, तीही वेगळ्या जागी, ओढ्याच्या पल्याड नाहीतर पडीक माळावर.

या लबाडीचा हिशेब बाबासाहेबांनी सरकारपुढं मांडला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायचं बिल त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात आणलं. महाराच्या कामाला वेळ नाही, हद्द नाही, एक माणूस हजर नसला तर घरातला दुसरा धरून न्यायचा, हे त्यांनी दाखवून दिलं. मागणी साधी होती. बलुत्याच्या जागी रोख पट्टी बसवा, ती शेतसाऱ्याबरोबर वसूल करा आणि महाराला सरकारी तिजोरीतून पगार द्या. ज्याला वतन नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन मोकळी करून घेऊ द्या. म्हणजे गावाच्या भिकेतून काढून त्याला हिशेबात आणा. बिल पार पडलं नाही. १९२९ साली ते मागं घ्यावं लागलं. वतनाचा प्रश्न जमिनीचा म्हणून आपण नेहमी बोलतो, तो खराच आहे. पण तो वहीचाही होता, हे आपल्या भाषणांत फारसं येत नाही.

पुढं ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर त्यांना अग्नी दिला. धम्म घेतलेल्या वस्त्यांतून पुरण्याची रीत कमी होत गेली, दहन आलं. म्हणजे आता आपल्यालाही जागा हवी, लाकूड हवं, पावसात शेड हवी. आणि वेळ बघा कशी जुळली. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा, आणि ग्रामपंचायतीचा कायदाही १९५८ चाच. महारानं डोक्यावरचा लाकडाचा भारा खाली टाकला त्याच सुमाराला मसणवट पंचायतीच्या ताब्यात गेली. स्मशानाची सोय आणि देखभाल पंचायतीच्या कामांच्या यादीत आली. फुकटचा माणूस गेला तेव्हा कुठं गावाला कळलं की मसणवटीलाही पैसा लागतो!

जमिनीचंही तसंच. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम २२ वाचा. गुरचरण, स्मशान, गावठाण, खळं, बाजार यांच्यासाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. त्याच यादीत कातडी सोलण्याची जागाही आहे. गाव कसं रचलंय ते या एका कलमात दिसतं. राज्यघटनेनं दफनभूमी-दहनभूमी राज्याच्या सूचीत दहाव्या नोंदीला ठेवली. १९९२ च्या घटनादुरुस्त्या झाल्या तेव्हा शहरांच्या बाराव्या अनुसूचीत स्मशानं आली. खेड्यांच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत स्मशान नाही. शहरातलं मढं घटनेत, खेड्यातलं राज्याच्या मर्जीवर.

आता पैशाचं. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंचाच्या खिशातला नाही. १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यानं त्याची तपासणी होते. पंचायत कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढं वार्षिक हिशेब, मागच्या ऑडिटचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं ठेवावी लागतात. उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे हाही नियम आहे. पण ऑडिटवाला कागद तपासतो. पावती आहे, सही आहे, शिक्का आहे, म्हणजे झालं. शेड ओढ्याच्या अल्याड बांधली की पल्याड, हे पावतीवर लिहिलेलं नसतं.

माझा आजा श्रावणात गेला. आमच्या गावात दोन मसणवटी, गावाची आणि आपली. गावाच्या मसणवटीला पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा, डांबरी रस्ता. आपल्या जागेला गुडघाभर चिखल. आम्ही सरणावर ताडपत्री धरून उभे राहिलो, तीन वेळा विझलं, रॉकेल ओतून पेटवलं. चुलता धुरानं की रडण्यानं डोळे पुसत होता, कळलं नाही. महिन्यानं पंचायतीत गेलो. रोकडवहीत ओळ सापडली, ‘सार्वजनिक स्मशानभूमी सुधारणा’. जागेचा गट नंबर लिहिलेला नव्हता. सार्वजनिक म्हटल्यावर आम्ही त्यात आलोच, आणि शेडखाली कधीच नाही.

मी म्हणालो, “भाऊसाहेब, मोजमाप वही दाखवा. कुठल्या जागेवर मोजलं ते तिच्यात असंल.”

ग्रामसेवकानं कपाटाकडं बघितलं. म्हणाला, “ती तालुक्याला गेलीय.”

तिथंच बसून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. २००५ चा कायदा आहे, तीस दिवसांची मुदत आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आज्याच्या पिशवीतल्या पैशातून घेतलं. आज एकविसावा दिवस आहे.