जकातीची शाळा

ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव इतिहासात राहिले त्या स्लीमनच्या अमदानीत, 1837 च्या सुमारास, जबलपुरात माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी व त्यांच्या मुलांसाठी जी हुन्नरशाळा निघाली, तिच्यात तंबू शिवणे व गालिचे विणणे शिकवीत. आणि तिचा हेतू दयेपेक्षा बंदोबस्ताचाच अधिक असला, तरी आपला विद्यार्थी कोण आहे व तो उद्या जगणार कशावर, या प्रश्नाभोवतीच तिची रचना झाली होती, हे मान्य करावे लागते.

पुढे 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला, पाठोपाठ विद्याखाते आले, 1864 साली जबलपूर शहरास म्युनिसिपालिटी मिळाली आणि 1868 साली हितकारिणी सभेच्या रूपाने नागरिकही शिक्षणाच्या कार्यात उतरले. शाळांच्या खर्चास हातभार लावणाऱ्या म्युनिसिपालिटीचे मुख्य उत्पन्न जकातीचे. नाक्यावरून आत येणाऱ्या जिनसांवरचा हा कर व्यापारी गिऱ्हाइकाच्या भावात चढवून घेई. त्यामुळे ज्या हमालाचा मुलगा शाळेची पायरीही चढला नव्हता, तो हमालसुद्धा आपल्या शेरभर पिठामागे शाळेच्या खर्चास हातभार लावीत होता, मात्र जमाखर्चाच्या फर्दीत त्याचे नाव कोठेच उमटत नसे.

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच गाऱ्हाणे रयतेच्या वतीने मांडले होते: महसूल कष्टकऱ्यांचा, विद्या वरिष्ठांची. आयोगाने प्राथमिक शाळांचे अनुदान बव्हंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावे असे सुचविले, पण मागासलेल्या प्रदेशांतील शाळांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवली. आणि अहवालातील खरे शहाणपण मला त्या अपवादातच दिसते. कारण निकालागणिक पैसा याचा अर्थ असा, की ज्याचा पाठ घरी कोणी घेते त्याच्या शाळेस अधिक, आणि दुपार होताच जो बापाच्या मदतीस जातो त्याच्या शाळेस कमी.

1920 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मध्यप्रांतातील स्थानिक संस्थांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. सक्तीने मूल वर्गात आणता येते. तेथे ते टिकते किती, याचा हिशेब 1929 च्या हार्टोग समितीने सबंध ब्रिटिश हिंदुस्थानापुरता काढला, तेव्हा 1922-23 मध्ये पहिलीत बसलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत जेमतेम अठरा पोहोचल्याचे आढळले. यास समितीने अपव्यय म्हटले, आणि नव्या शाळा काढण्याची घाई सोडून असलेल्या शाळा सुधाराव्या, असा सल्ला दिला. उरलेली ब्याऐंशी कोणत्या घरांतून आली होती, या चौकशीस मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात तेव्हा शीर्षक नव्हते.